लाईट बघण्यापुरतं उभा राहा

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा.

सकाळी कॅमेऱ्याची पूजा केली. अण्णांनी त्यांच्या जुन्या ट्रायपॉडलाही झेंडूची माळ घातली. तो ट्रायपॉड उघडत नाही, पण वडिलांना हे सांगणार कोण?

संकल्प: तुळशीच्या लग्नाच्या आत उर्वीला विचारायचं. मांडवीला माझ्या स्टुडिओशेजारी तिचं ब्रायडल मेकअपचं पार्लर आहे. तुळशीचं लग्न लागलं की तिची चिपळूणची आत्या स्थळं घेऊन येणार. म्हणजे मला अख्खा महिना आहे. भरपूर झाला.

विचारायचं कुठे, एवढाच प्रश्न. मांडवीच्या किनाऱ्यावर भेळ खाताखाता कोणीही विचारेल. मी फोटोग्राफर आहे. (दिवसभर गिऱ्हाइकांना 'डोळे मिटू नका' सांगत पासपोर्ट फोटो काढतो, ही तात्पुरती अडचण. अण्णांपासून चालू आहे.) मला जागा अशी हवी की जी कोणाच्याच मोबाईलमध्ये नाही.

प्लॅन असा. 'सह्याद्री ते सागर' नावाचं प्री-वेडिंग पॅकेज काढायचं. त्यासाठी दर रविवारी स्पॉट शोधत हिंडायचं. उर्वी मेकअपची पार्टनर म्हणून सोबत येणार. परफेक्ट स्पॉट मिळाला की तिथेच विचारायचं. उर्वी लगेच हो म्हणाली. पॅकेजला. वर म्हणाली, गंधारदादा, तुम्ही फार चांगले आहात.

'दादा'चं मनावर घेत नाही. आपल्याकडे कंडक्टरलाही दादा म्हणतात.

१३ ऑक्टोबर, रविवार.

आरे-वारे. गाडी मावसभाऊ ओमकारची. तो खेडला टुरिस्ट गाडी चालवतो, सध्या सिझन नाही म्हणून मोकळा. अण्णा हट्टाने पुढच्या सीटवर बसले. म्हणाले, पोरीच्या घरी काय सांगशील मेल्या? मागे मी आणि उर्वी. मध्ये कॅमेऱ्याची बॅग ठेवली. लेन्सला धक्का नको.

वळणावरून दोन्ही किनारे दिसतात तिथे उर्वीला उभी केली. एकटी असली की अंदाज येत नाही, कपल लागतं. आधी अण्णांना शेजारी उभं केलं. सासरा-सून वाटले. शुभशकुन, पण फोटोला उपयोग नाही. मग ओमकारला म्हटलं, लाईट बघण्यापुरतं उभा राहा. तो म्हणाला, मला नाय रे असलं जमत. ढकलावा लागला.

अण्णा म्हणाले, तू जाऊन उभा राहा की, टायमर लाव. त्यांना प्रोफेशनल काम कळत नाही. फोटोग्राफर फोटोत नसतो.

विचारणार होतो. पण शहाळेवाला फ्रेममध्ये, मग रील काढणाऱ्या चार मुली, मग त्यांचा ड्रोन. पुढे अजून चांगला स्पॉट मिळेल.

१७ ऑक्टोबर, गुरुवार.

झोप नीट नाही. नकाशावर बोट फिरवत बसतो. नकाशातल्या प्रत्येक रिकाम्या जागेत काहीतरी असेल असं वाटतं. अण्णा म्हणाले, फोटो काढायचेत की जमिनीची मोजणी करायची आहे?

एका गिऱ्हाइकाच्या पासपोर्ट फोटोत डोकं अर्धं कापलं गेलं. लक्ष नव्हतं. फुकट परत काढून दिला.

२० ऑक्टोबर, रविवार.

आंबा घाट. धुकं इतकं की दरी आहे हे पाटीवर वाचलं. धुकं रोमँटिक असतं असं ऐकून होतो, पण रोमान्स दिसायला तर हवा!

तरी काम केलं. ओमकारला सूचना दिल्या. हात खांद्यावर ठेव. अजून जवळ. एकमेकांकडे बघा. हसू नका, नॅचरल दिसा. ओमकार भलताच लाजतो. दहा-बारा वेळा करून घेतल्यावर नॅचरल दिसायला लागला. माझ्या डायरेक्शनचं यश.

मग एका माकडाने लेन्सची कॅप पळवली. अर्धा घाट त्याच्यामागे हिंडलो. कॅप मिळाली, चावलेली. परत आलो तर दोघं कठड्यावर चहा पीत बसलेले. मला बघून एकदम गप्प झाले. काळजीत असणार. गाडीत अण्णा झोपलेले, किंवा डोळे मिटून पडलेले. त्यांचं सांगता येत नाही.

उर्वी हल्ली ओमकारला 'अहो' सोडून 'अरे' म्हणते. शेवटी ड्रायव्हर तो ड्रायव्हर. वाईट वाटलं त्याच्यासाठी.

निर्णय: पुढच्या वेळी गाडी मी चालवणार. म्हणजे स्पॉट दिसला की लगेच थांबता येईल. ओमकार मागे बसेल.

२७ ऑक्टोबर, रविवार.

गणपतीपुळे, मालगुंड, जयगड. मी चालवलं. वीस ठिकाणी थांबलो. वीसही नापसंत. कुठे विजेचा खांब, कुठे नवीन रिसॉर्टचा बोर्ड, कुठे वाळूवर उंट. कोकणात उंट! अण्णांना मात्र उंट आवडला. मागच्या सीटवरून कसलीच तक्रार नाही. बॅग मी पुढे अण्णांच्या पायाशी ठेवली होती, त्यामुळे मागे ऐसपैस जागा होती.

जयगडहून फेरीबोटीने तवसाळला गेलो. आणि बोटीवर लाईट मिळाला! संध्याकाळचं ऊन, खाडीचं पाणी, उर्वीचे केस उडतायत. हीच वेळ. पण आधी एक वाईड फ्रेम घ्यावी म्हणून वरच्या डेकवर गेलो. तेवढ्यात तवसाळ आलं. मागच्या गाड्यांचे हॉर्न. ओमकारने गाडी उतरवली. मी म्हटलं, अजून एक, अजून एकच. खाली आलो तर फळी उचललेली आणि बोट परत जयगडकडे निघालेली.

किनाऱ्यावर ओमकार आणि उर्वी शेजारी शेजारी उभे, हात हलवतायत. दोघं लहान लहान होत गेली. फ्रेम अप्रतिम होती. काढली.

पुढच्या फेरीने परत आलो. बोटीवरच्या माणसाने ओळखलं. म्हणाला, परत बोटीवर राहू नका हो.

३० ऑक्टोबर, बुधवार.

ओमकारने लाईट टेस्टचे सगळे फोटो मागितले. फोनवर पाठवले. त्याला फोटोग्राफीची गोडी लागली असं दिसतं. लोक माझ्याकडून असं नकळत शिकतात.

अण्णा कॉम्प्युटरजवळ येऊन बसले. एकेक फोटो बघत गेले. शेवटी विचारलं, यात तू कुठे आहेस? परत तेच समजावलं, की फोटोग्राफर फोटोत नसतो. अण्णा म्हणाले, तेच म्हणतोय मी. आणि जेवायला गेले.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज.

आज दौरा नाही. आजच्या दिवशी विचारणं धोक्याचं, एवढी अक्कल मला आहे. दिवसभर घरातच राहायचं ठरवलं.

दहाच्या सुमाराला उर्वी ताट घेऊनच घरी आली. म्हणाली, मला भाऊ नाही, तुम्हाला बहीण नाही. अण्णांनी पाट मांडला. मी खोकला काढून बघितला, पोटात दुखतंय म्हणून बघितलं. टोपी घालून बसावं लागलं. तिने कुंकू लावलं, सुपारी फिरवली, ओवाळलं. ओवाळणीत घालायला काही सुचेना, नवीन मेमरी कार्ड घातलं.

शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं. ती सराव करत होती. पॅकेजमध्ये सणांचे फोटोही घेऊ, असं मीच मागे म्हणालो होतो. निरांजनाचा लाईट तिच्या चेहऱ्यावर खरोखर छान पडला होता.

ओमकारही फराळाला आला होता. त्याला तिने ओवाळलं नाही. ताट आणलं तेव्हाच तो गाडीचं ऑईल बघायला म्हणून जो बाहेर पळाला, तो ताट आत गेल्यावर आला. बिचारा. आपल्याला कोणी ओवाळत नाही हे जाणवलं असणार. मी त्याला माझ्यातले दोन अनारसे दिले.

७ नोव्हेंबर, गुरुवार.

चिपळूणच्या आत्याचा फोन आला म्हणे. उर्वी दिवसभर बेचैन. मीही. दुकानाचं शटर दोनदा उघडून बंद केलं. रविवार शेवटचा. आता पुढच्या वळणावर बघू, असं करायचं नाही. जो स्पॉट मिळेल तो.

मात्र बरा असावा.

१० नोव्हेंबर, रविवार.

मिळाला!!

खेडहून वर रघुवीर घाट. आईशप्पथ सांगतो, असा स्पॉट मी बघितलेला नाही. एका बाजूला कडा, गुडघाभर पिवळं गवत, लांब खाली पाण्याची चकाकती पट्टी. खांब नाही. बोर्ड नाही. माणूस नाही. उंट नाही. आज विचारायचंच.

पण एवढी मोठी गोष्ट रिहर्सलशिवाय कशी करायची? म्हणून ओमकारला म्हटलं, लाईट बघण्यापुरतं उभा राहा. नाही, गुडघ्यावर बस. तिचा हात हातात घे. आणि काहीतरी विचारतोयस असं कर. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, खरंच विचारू काय रे? मी म्हटलं, मनापासून विचार, नाहीतर फोटोत खोटं दिसतं.

मी लांब, खडकावर चढलो. वाऱ्यामुळे एक अक्षर ऐकू आलं नाही. पण काय फोटो! ओमकार काहीतरी बोलतोय. उर्वी तोंडावर हात ठेवते. उर्वी रडते. रडता रडता मान हलवते. मी ओरडलो, छान, तसंच ठेवा, अजून थोडं! अभिनय म्हणजे काय हे तिच्याकडून शिकावं. बॅटरी संपेपर्यंत काढत राहिलो.

मग माझी पाळी. खाली उतरलो तोवर सूर्य डोंगराआड. अंधारलं. आता सगळं सपाट, राखाडी. असल्या लाईटमध्ये कोण हो म्हणेल? उद्या विचारू.

येताना गाडी मीच चालवली. उर्वी ओमकारला परत 'अहो' म्हणायला लागली. भांडण झालं असावं. खेडच्या बाजारात अण्णांनी गाडी थांबवून पेढे घेतले. सगळ्यांना दिले. मला दोन. कशाबद्दल, असं विचारलं तर म्हणाले, खा तू आधी.

म्हणजे माझ्या मनातलं अण्णांनी ओळखलंय.

१३ नोव्हेंबर, बुधवार. तुळशीचं लग्न.

मावशी, ओमकारची आई, खेडहून आली. मला वाटलं, तुळशीच्या लग्नाला. पार्लरच्या वरच्या मजल्यावर उर्वीच्या आईला भेटून, साखर घेऊन खाली उतरली. चिपळूणच्या आत्याने ऊस धरलेला. ती म्हणाली, मी स्थळं शोधत बसले आणि ओमकारने तर थेट अंगण गाठलं.

मग ओमकार स्टुडिओत आला. स्टुलावर बसला. मी सवयीने म्हटलं, डोळे मिटू नका. तो हसला. मग रडायलाच लागला. म्हणाला, तू नसतास तर माझ्याच्याने झालंच नसतं रे. मी गुडघ्यावर बसणारा माणूस नव्हे. तू बस म्हणालास म्हणून बसलो.

खूप लागलं. लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

संध्याकाळी अण्णांनी मंगलाष्टकं म्हटली. त्यांनी माझ्या हातात अक्षता दिल्या. मी टाकल्या. तुळशीवर.

१४ नोव्हेंबर, गुरुवार.

तटस्थपणे विचार केला. मी खरं तर विचारणारच नव्हतो. लाईट कधीच नीट नव्हता. शिवाय फोटोग्राफरने संसारात पडू नये. आणि व्यवसायाच्या दृष्टीने बघितलं तर आरे-वारे, आंबा घाट, फेरीबोट, रघुवीर घाट. पहिल्या भेटीपासून होकारापर्यंत. असं प्री-वेडिंग महाराष्ट्रात कोणाकडे नाही. सॅम्पल अल्बम म्हणून हाच लावणार.

दुपारी अल्बम लावायला बसलो. पाचवं पान रघुवीर घाटाचं, ते उलटवलं नाही.

उर्वी आली होती. तिला माझ्याकडून एक गोष्ट हवी होती. कानपिळी. नवऱ्याचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो, आणि तिला भाऊ नाही. तुम्हीच या ना, गंधारदादा, म्हणाली. मी ऑर्डरची डायरी बघून सांगतो म्हणालो.

डायरी बघितली. कोरी आहे. पुढच्या वर्षापर्यंत.

८ डिसेंबर, रविवार.

लग्न झालं. हॉल एवढ्या लवकर मिळाला कारण कोणाचं तरी मोडलं. जगात माझ्यासारखे अजून आहेत, एवढंच मनात आलं.

फोटो मी काढणार होतो. सकाळपासून काढलेही. पण कानपिळीच्या वेळी भटजींनी हाक मारली, नवरीचे भाऊ कुठे आहेत? कोणी हलेना. मग कळलं, ते मीच. कॅमेरा कोणाकडे द्यायचा? अण्णा पुढे झाले. पासपोर्ट फोटोंत आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी माझ्या हातातून कॅमेरा घेतला आणि एवढंच म्हणाले, जा.

ओमकारचा कान धरला. जरा जास्तच पिळला. तो खराच ओरडला, सगळा हॉल हसला, उर्वीने डोळ्यांनी दटावलं. मग मान म्हणून ओमकारने माझ्या हातात एक छोटी डबी ठेवली. आत कॅमेऱ्याचा रिमोट. म्हणाला, आता तरी तू पण फोटोत ये.

अण्णा तिकडून ओरडत होते. जरा पुढे सरक. अजून जवळ. ती नवरी काय चावते तुला? हस की जरा.

मघाशी घरी येऊन फोटो बघितला. लाईट फ्लॅट. मागे पंखा आणि केटररचं टेबल. पण फ्रेम अण्णांनी चोख धरली आहे, कोणाचं डोकं कापलेलं नाही. मधोमध मी. एका बाजूला उर्वी, एका बाजूला कान धरलेला ओमकार. दोघं छान दिसतायत. मीही बरा दिसतोय.

फक्त डोळे मिटलेत माझे.