घळीतला तिसरा आकडा

रविवार, २४ नोव्हेंबर
सकाळचे साडेदहा

प्रिय चिमणे,

तुझं पत्र आणि मोज्यांचं पाकीट, दोन्ही मंगळवारी एकदमच हाती आलं. या वर्षीचा निळा फार देखणा आहे. ताईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे आम्ही दोघं ठीक. ह्यांचा खोकला ह्यांच्यासारखाच, न बोलावता येतो आणि सांगूनही जात नाही.

माझं म्हणशील तर गेले तीन दिवस मी जिना उलटा उतरते आहे. खरोखर उलटा, कठडा धरून, लहान मूल उतरतं तसा. ह्यांनी विचारलं, "हे काय नवीन?" म्हटलं, "आपल्याला मांड्या आहेत हे आत्ता कळलं." ते म्हणाले, "चौसष्टाव्या वर्षी घळी उतरायला कोणी सांगितलं होतं?" कोणीच नाही. पण हो, आम्ही गेलो होतो. गुरुवारी. मास्तरीण, मी आणि शेपटी.

तू येणार नाहीस हे तुझ्या आधीच्या पत्रातच कळलं होतं. "ती असेल तर मी नाही," एवढी एकच ओळ, आणि खाली ताईच्या डोळ्यांचं. मी ती ओळ कोणालाच दाखवली नाही. मास्तरणीला सांगितलं, चिमणीला जमत नाहीये, घरी आजारपण आहे. पण तिला आशा फार. तिने घळ उतरायच्या परवानगीच्या अर्जात चार जणींची नोंद करून ठेवली, आणि मग खोडायला विसरली. आयुष्यभर गणित शिकवलेली बाई, आणि तीनाचे चार!

पहाटे साडेपाचला घळीच्या वरच्या तोंडाशी जमलो. वाटाड्या आमच्याच वयाचा, पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा. त्याने बॅटरीच्या उजेडात कागद पाहिला, आमच्या डोक्यावर हेल्मेटं ठेवली आणि म्हणाला, "बाई, एकदा आत उतरलं की मागे फिरायचं नाही. दहा तास. पाणी छातीपर्यंत. गुडघे कसे आहेत?" मास्तरीण म्हणाली, "गुडघे आहेत, एवढंच सांगता येईल."

चिमणे, घळ आहे तशीच आहे. आपणच बदललो. दोन्ही बाजूंच्या भिंती इतक्या उंच, की आभाळाची एक पट्टी तेवढी वर दिसते, आणि ऊन बारा वाजता जेमतेम पाऊण तास खाली येतं. तेवढ्यात सगळ्यांनी पाठी शेकून घ्यायच्या. पहिला दोर उतरताना मी इतकी किंचाळले की वाटाड्या वरून म्हणाला, "अजून एक फूटच आहे हो." पहिल्या डोहात मास्तरणीचा चष्मा गेला. शेपटीने पायाच्या बोटांनी चाचपून तो वर काढला. उकडलेली अंडी खाल्ली, संत्री खाल्ली, एकमेकींची क्रेप बँडेजं बांधली. हसून हसून दम लागायचा, मग दम लागला म्हणून बसायचं. तुझे मोजे घातले होते. ओले झाले तरी ऊबदार राहिले.

आणि आकडे म्हटले. शाळेत सिस्टर आपल्याला रांगेने न्यायच्या तेव्हा प्रत्येक वळणावर आकडे म्हणायची शिस्त होती ना, ती अजून सुटलेली नाही. मास्तरीण एक, मी दोन, तू तीन, शेपटी शेवटची म्हणून चार. हे तुला कधी लिहिलं नव्हतं, तुला आवडणार नाही असं वाटायचं: आम्ही तिघी कुठेही चाललो, नुसत्या बाजारात, तरी तुझ्या जागी श्वासभर थांबतो आणि मगच शेपटी 'चार' म्हणते. तिने 'तीन' म्हटलेलं मी सव्वीस वर्षांत ऐकलेलं नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला याच खोडीने घोटाळा केला. वाटाड्या बराच पुढे, एका वळणापलीकडे. मास्तरीण ओरडली, "एक!" मी ओरडले, "दोन!" मग गप्प. मग शेपटी, "चार!" आणि दोन मिनिटांत वाटाड्या पाण्यातून धडपडत परत आला. चेहरा पांढराफटक. खिशातला कागद काढून म्हणाला, "कागदावर चार आहेत. तीन नंबरच्या बाई कुठायत?" सकाळपासून तिघींनाच उतरवत होता, पण 'चार' ऐकून स्वतःच्या मोजणीवरचा विश्वासच उडाला त्याचा. आम्ही तोंड उघडेपर्यंत तो मागे धावलासुद्धा. हाका मारल्या, पण पाण्याच्या आवाजात कुठल्या ऐकू येणार! बसून राहिलो. अर्धा तास.

आणि बसलो कुठे, सांगू? त्या शिळेपाशी.

(मध्ये उठून चहा करून आले. चहा करायची गरज नव्हती.)

त्या दिवसाबद्दल आपण पत्रातून कधी फार बोललो नाही. तुला जे माहीत आहे ते आधी लिहिते. आपण अडतीस वर्षांच्या होतो. वाटाड्या न घेता गेलो होतो, तेव्हा कोणी घेत नसे. त्या शिळेच्या खालच्या फटीत तुझा पाय अडकला. शेपटीने शेवटी चालायचं, तुझ्या मागे राहायचं, हे ठरलेलं. पण ती शिळेच्या दुसऱ्या अंगाने गेली, तू तिला दिसली नाहीस, आणि ती तुला मागे टाकून पुढे निघून गेली. तू साडेतीन तास तिथे होतीस. नंतर ती म्हणाली, "मी आकडे म्हणायला लावले होते. मी 'तीन' ऐकलं." तू म्हणालीस, "माझ्या तोंडून आवाजच फुटत नव्हता. ती खोटं बोलते आहे." घोटा वाकडाच बसला. तू मैदान सोडलंस, मुलींना धावायला शिकवणं सोडलंस, शिट्टी कपाटात ठेवलीस आणि शाळेच्या ऑफिसात टेबलामागे बसलीस. शेपटीशी बोलणं बंद केलंस. आणि मला मात्र दर वर्षी त्या तारखेला हाताने विणलेले मोजे पाठवू लागलीस. कारण घळीच्या खालच्या तोंडाशी तू नाहीस हे कळल्यावर सगळ्यांत आधी मागे धावले, लटकते दोर धरून वर चढले, ती मी.

सव्वीस जोड, चिमणे. एका ड्रॉवरमध्ये आहेत. या वर्षीपर्यंत एकही घातला नव्हता.

तर गुरुवारी आम्ही त्या शिळेपाशी बसलो होतो. मास्तरीण बूट काढून पाणी ओतत होती. शेपटीने शिळेवर हात ठेवला आणि, हवापाण्याबद्दल बोलावं तशी म्हणाली, "मी ऐकलं होतं गं. अजून ऐकू येतं."

मास्तरीण म्हणाली, "सोड ना आता. होतो भास माणसाला."

"तेच तर," शेपटी म्हणाली. "इस्पितळाच्या स्विचबोर्डवर बसणारी बाई मी. कानावर पोट. त्या दिवसानंतर मी प्रत्येक माणसाला त्याचा नंबर तीन-तीनदा विचारायचे. लोक वैतागायचे. साहेब म्हणाले, बाई, तुम्हाला ऐकू कमी येतं का? मी कान तपासून आले. कान ठणठणीत. मग मला वाटायला लागलं, कानात नाही, डोक्यात बिघाड आहे. अजून कुलूप लावलं की अर्ध्या रस्त्यातून परत येऊन बघते." आणि हसली. "मुलगा म्हणतो, आई, तुला घरातून निघायला अलार्म दोनदा लावावा लागतो."

मास्तरीणही हसली. मी नाही.

आता तुला जे माहीत नाही ते.

शाळेत मला पोपट का म्हणायचे, तुला आठवत असेल. सिस्टरांचा आवाज काढून मी अख्खा वर्ग उभा करायचे. तुम्हा तिघींचेही आवाज काढायचे. तू पुस्तकांच्या दुकानाच्या काचेशी रेंगाळलीस की तुझ्या जागी मीच 'तीन' म्हणायचे, तुझ्या नाकातल्या आवाजात, आणि रांग पुढे चालायची. कितीदा वाचवलं असेल तुला!

त्या दिवशी तू सकाळपासून रेंगाळत होतीस. नेचे बघ, खडे वेच, भिंतीला हात लाव. माझे बूट भिजलेले, टाचेला फोड आलेला, शेवटची बस साडेसहाची. शिळा ओलांडून मी पुढे आले होते. मागे वळून पाहिलं तर तुझी लाल टोपी शिळेआड दिसली, खाली वाकलेली. मला वाटलं, बुटाची नाडी बांधते आहे, नाहीतर पुन्हा खडे. पलीकडून शेपटीने हाक दिली, "आकडे!" मास्तरणीने 'एक' म्हटलं, मी 'दोन' म्हटलं. तू गप्प. मला माहीत होतं, आता शेपटी सगळ्यांना थांबवणार, परत वीस मिनिटं जाणार.

'तीन' मी म्हटलं, चिमणे. तुझ्या आवाजात.

रागावून म्हटलं. गंमत म्हणून नाही. मला तुझा कंटाळा आला होता, एवढंच. येईल मागून, म्हटलं. पुढे बसच्या घाईत कोणी पुन्हा आकडे म्हटलेच नाहीत.

मी सगळ्यांत आधी धावले कारण कुठे धावायचं ते एकटीला मला ठाऊक होतं. तुला हाक मारत, शोधत नाही आले. सरळ आले. आणि तू माझ्या गळ्यात हात टाकून रडलीस, "तू आलीस, तू आलीस." तेव्हा सांगायला हवं होतं. मग इस्पितळात सांगायला हवं होतं. मग शेपटी तुझ्या खाटेशी उभी राहून शपथ घेत होती तेव्हा. तू भिंतीकडे तोंड केलंस, आणि मी तुझ्या पांघरुणाची कड सारखी करत राहिले. त्यानंतर पहिले मोजे आले, आणि मग ते दर वर्षी अवघड होत गेलं.

गुरुवारकडे परत येते. वाटाड्या आला, नखशिखांत भिजलेला, धापा टाकत. मास्तरणीने अर्जाची गोष्ट सांगितली, माफी मागितली. तो शिळेवर बसला, मिशा पिळल्या, आणि म्हणाला, "बाई, मी तिकडे प्रत्येक फटीत हात घालून आलो. चेष्टा आहे का?" आम्ही शाळेतल्या मुलींसारख्या माना खाली घातल्या. "आता माझ्यासमोर नीट आकडे म्हणा. एक, दोन, तीन. संपलं."

मास्तरीण म्हणाली, "एक."

मी म्हटलं, "दोन."

शेपटीने तोंड उघडलं. तिला म्हणता येईना. तिचे ओठ 'त' पर्यंत गेले आणि थांबले.

तेव्हा मी म्हटलं. "तीन." तुझ्या आवाजात. अडतीस वर्षांच्या तुझ्या, नाकातून, शेवटी किंचित वर जाणाऱ्या.

वाटाड्याला काही कळलं नाही. मास्तरीण चष्मा पुसायची थांबली. शेपटी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता मारेल, मारावं. पण ती हळूच खाली बसली, पाण्यातच, कमरेपर्यंत, आणि दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले. झाकल्यासारखे नाही. गाल धरावेत लहान मुलाचे, तसे.

मग म्हणाली, "म्हणजे मी ऐकलं होतं."

"हो."

"बरोबर ऐकलं होतं."

"हो गं."

उरलेले दोन तास ती माझ्याशी बोलली नाही. दोन दोर उतरायचे होते. दोन्ही वेळा माझी गाठ तिनेच ओढून पाहिली, तीन-तीनदा, आणि पुढे गेली. आकडेही कोणी म्हटले नाहीत. घळीच्या खालच्या तोंडाशी उजेडात आलो तेव्हा मास्तरीण म्हणाली, "मी दोघींनाही नंतर झोडपणार आहे, आधी मला कोणीतरी गाडीपर्यंत न्या." शेपटी बूट काढत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "चिमणीला मी सांगणार नाही. सव्वीस वर्षं सांगून झालं. आता तू सांग."

म्हणून हे पत्र. फोन केला असता तर तुझा आवाज ऐकून मी पुन्हा पांघरुणाची कड सारखी करत बसले असते.

क्षमा कर असं लिहीत नाही. तो शब्द मी चार वेळा लिहून खोडला, कागदावर खुणा दिसतील. माझ्यावरचा राग तू कितीही वर्षं ठेव, हक्काचा आहे. पण तिच्यावरचा मात्र आज, हे पत्र वाचून होताच सोड. ती खरं बोलत होती. गुरुवारी घरी जाऊन म्हणे तिने कुलूप लावलं आणि परत बघायला गेली नाही. मास्तरणीकडून कळलं.

आणि एक. पुढच्या वर्षी मला मोजे पाठवू नकोस. हे सव्वीस जोड मी धुऊन, बांधून ठेवले आहेत. म्हणशील तर परत पाठवते. पण विणायची सवय हाताला लागली असेल, सुया गप्प बसणार नाहीत, तर माप देऊन ठेवते. शेपटीचं पाऊल टाचेपासून अंगठ्यापर्यंत साडेनऊ इंच. डावं जरा रुंद. घळीच्या तोंडाशी रुमालाच्या कडेने मीच मोजलं. तिने पाय पुढे केला, कशाला ते विचारलं नाही.

तू ठेवशील त्या जागी,
पोपट