शेजाऱ्याच्या लेथवर गेलेलं काम

जून २००७, गुरुवार
पापाटोएटो

आज नुसतं बोलून दमलो. इथे जूनमध्ये हिवाळा, हीटर लावूनही पाय गारच.

सुनेचा, मेधाचा, रिपोर्ट उद्या जायचाय. रशियातल्या एका प्रांतात सरकारने छोट्या लेथवाल्यांना एकाच आवारात शेड दिल्या, एकमेकांच्या मदतीने धंदा वाढावा म्हणून. ती मदत चालू ठेवावी का, हे तिने सांगायचं.

मी फुशारकीने म्हणालो, "कोल्हापुरात माझा लेथ बंद पडला, की शेजारचे वसंतराव माझं काम करून द्यायचे."

तिने रशियन मैत्रिणीला दुभाषी म्हणून मध्ये घेऊन तिथल्या एका लेथमालकाला फोन लावला आणि तुमच्यात असं चालतं का, विचारलं. तो हसलाच म्हणे. म्हणाला, शेजाऱ्याला काम दिलं, की गिऱ्हाईक गेलंच.

"बघा बाबा. मदत थांबवा, असंच लिहावं लागणार."

मनाला लागलं. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? वसंतरावांनी पहिल्यांदा माझं काम नेलं, तेव्हा गिऱ्हाईक फुटणार म्हणून मलाही जेवण गेलं नव्हतं. भरवसा नंतर बसला, बराच नंतर. मेधाला तसं सांगितलं.

"मग अजून एक वर्ष द्या, असं लिहू?"

"लिही."

म्हणालो खरं. पण वर्षभरात त्यांचं जमेल का, हे मला तरी कुठे ठाऊक आहे?