मायच्या आधी जेवणारा माणूस

३ नोव्हेंबर, सोमवार
सौ. मुलीच्या बाळंतपणाला नागपूरला गेली. आता माय पूर्ण माझ्याकडे. बहिणीचा, चंदाचा, अकोल्याहून फोन. म्हणाली, दादा, डिमेन्शियावाल्यांच्या घरच्यांची मीटिंग असते दर शनिवारी, तुमच्या अमरावतीतच. जाय ना! मी म्हटलं, छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेत आस्थापना सांभाळली. एक माय सांभाळता येणार नाही?

५ नोव्हेंबर
माय दोन दिवस जेवली नाही. म्हणते, ते आले नाई अजून, मी कशी जेवू? ते म्हणजे बाबा. जाऊन अकरा वर्षं झाली. हे तिला तीनदा सांगितलं, मृत्यूचा दाखला दाखवला. तिन्ही वेळा ती नव्याने रडली. दाखला परत फाइलला लावला.

६ नोव्हेंबर, सायं. ७
तोडगा सापडला! बाबा कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत कामाला घालून जायचे ती पांढरी टोपी घातली, फाटकाशी त्यांच्यासारखा खाकरलो, आत आलो. मायने पाय धुवायला पाणी दिलं. म्हणाली, काहून उशीर केला जी? जिनिंग सुटलं नोयतं काय? मी बाबांसारखं नुसतं 'हूं' केलं आणि जेवलो. मग त्याच ताटात ती जेवली, बाबा असताना जेवायची तशी. दोन पोळ्या! पद्धत सर्वस्वी माझी. लिहून काढणे.

८ नोव्हेंबर, शनिवार
मीटिंगला गेलो नाही. ती चालवणाऱ्या नर्सबाईंचा, गझाला सिस्टरचा, फोन. तिने सासऱ्यांना सात वर्षं सांभाळलं. म्हणाली, भाऊ, तुमी झोपता कधी? दोन तास मायजवळ बसायला आमची बाई पाठवू का? म्हटलं, गरज नाही. सवड झाली की येऊन मार्गदर्शन करीन. तिने 'बरं भाऊ' म्हणून फोन ठेवला. प्रभावित झाली असावी.

१२ नोव्हेंबर
बीपी १७०. मशीन बिघडलं आहे.
माय बाबांशी इतकं बोलायची हे मला माहीतच नव्हतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
टोपीशिवाय चहा घेऊन गेलो. मायने पदर सावरला. म्हणाली, कोन पायजे? घरचे बाहेर गेले, ओसरीत बसा. बसलो. दाढी वाढल्यामुळे असेल. उद्या दाढी करणे.
मीटिंग राहिली.

१६ नोव्हेंबर
दाढी केली. ओसरी.

१९ नोव्हेंबर
टोपी आता सकाळीच घालतो. वेळ वाचतो. माय तक्रार करत होती, तुमचा महादू तोंड दाखवत नाई, मायले इसरला. बाबांच्या आवाजात मी माझी बाजू मांडली, कामात असतो म्हटलं. ती म्हणाली, तुमीच लाडावून ठेवलं त्याले. मी 'हूं' केलं.

२१ नोव्हेंबर, सायं. ७.३०
आज मायने दोन ताटं वाढली. मी एका ताटात जेवून उठलो, तरी ती जेवेना. दुसऱ्याला हात लावू देईना. म्हणाली, महादू कुठीतरी उपाशी असन. पयले त्याले घेऊन या. टोपी काढली. म्हटलं, माय, मीच महादू. ती भिंतीला टेकली, बाबांना हाका मारू लागली. टोपी घातली. शांत झाली. म्हणाली, जा जी, अंधार पडला.

फाटकाबाहेर गेलो. कोपऱ्यापर्यंत चाललो. तिथून गझाला सिस्टरला फोन केला, उद्याची मीटिंग कितीला विचारलं. अकराला. बाई साडेदहाला पाठवते म्हणाली. बरं म्हटलं.

परत आलो. मायने विचारलं, भेटला काय?

नाही, म्हटलं.

तिने माझं ताट झाकून ठेवलं आणि न जेवता झोपली.