साहेब माझ्याशीच बोलतो

२ मार्च, सकाळ
शी! हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवर पुन्हा तवंग. बोट बुडवलं तर तेलकट चिकट. कोपऱ्यातला लहान पंप नुसता नावाला. ठरवलं: आजपासून पाणी खेळतं ठेवायचं. समुद्र कधी थांबतो का? बायको म्हणाली, समुद्राचं राहू द्या, आधी काच पुसा. या घरात शास्त्राला किंमत नाही.

दुपार
जेवल्यावर पडलो. पंपाची घरघर डोक्यात जाते. जरा वेळ बंद केला. सगळ्यांनाच विश्रांती लागते.
पंप बंद केल्याबरोबर साहेब वर आला. हा आमचा केशरी मासा. पाण्याशी तोंड लावून उघडमीट, उघडमीट. माझ्याशीच बोलत होता. घरात इतकं मन लावून माझ्याशी कोणी बोलत नाही.

५ मार्च
तळाच्या वाळूवर तपकिरी बुळबुळीत थर. चहा घशाखाली उतरेना. ॲक्वेरियमच्या दुकानात गेलो. दुकानदाराचं म्हणणं, एक पंप वरच्या बाजूला लावा, पाण्याचा पृष्ठभाग हलला पाहिजे, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. आणि तो कायम चालू ठेवा. माणूस दुकानात बसूनच बुरसटलाय. मी दोन मोठे पंप घेतले. तळाशी, समोरासमोर तोंड करून लावणार. दोन्ही प्रवाह मधोमध भिडले की जोर दुप्पट. साधं गणित आहे.

६ मार्च
जुना पंप काढून नवे दोन लावले. वाळूचं वादळ. टाकीत काही दिसेना. संध्याकाळी वाळू खाली बसली तर मधोमध टेकाड, आणि टेकाडाच्या दोन्ही अंगांना तोच घाणेरडा थर. पंप थोडे वर सरकवले तर खारं पाणी भिंतीवर, सोफ्यावर, लेकीच्या ऑफिसच्या बॅगेवर. तिने घर डोक्यावर घेतलं. सुरुवातीला थोडं इकडेतिकडे व्हायचंच, असं मी शांतपणे सांगितलं. पंप पुन्हा तळाशी.

९ मार्च, दुपार
आता दोन पंपांची घरघर. लाकूड कापायची गिरणी परवडली. दोन्ही बंद. साहेब लगेच वर. आज बराच वेळ बोलला. मीही त्याला निवृत्तीआधीचं ऑफिसातलं सगळं सांगितलं, कोणी माझी बढती अडवली तेसुद्धा. मान डोलवत ऐकत होता. मग माझा डोळा लागला तो थेट चहापर्यंत.

१२ मार्च
हॉलमध्ये सडक्या अंड्यांचा वास. आधी बायकोच्या पोछ्याच्या बादलीवर संशय, मग लेकीच्या बुटांवर. दोघींनी नाक मुरडून टाकीकडे बोट दाखवलं. हात घातला तर दगडामागे साहेबाच्या जोडीला आणलेली गोगलगाय, मेलेली. हातात घेताच शंखातून ओघळली. ईऽऽ! साबणाने हात धुतले, परत धुतले, तरी जेवताना डावा हात वापरला.
माझ्या मते गोगलगाय म्हातारी होती.
बायको मात्र चिडली नाही, आणि त्याचीच धास्ती वाटते. म्हणाली, "रविवारपर्यंत वास गेला नाही, तर साहेब खालच्या डेंटिस्टकडे जाईल. त्यांच्या टाकीत निदान जगेल तरी."
साहेब गेला तर दुपारी मी कोणाशी बोलू?

१३ मार्च
निर्धार. पंप अजिबात बंद करायचे नाहीत. कानात कापूस घालून झोपणार.

१३ मार्च, नंतर
कापसाने कान खाजतो. पंप बंद, पाचच मिनिटं. साहेब आला. आज फार घाईघाईने बोलत होता, कल्ले भराभर हलत होते. माझ्याविना त्याला करमत नाही, हेच खरं. रविवारी बायकोला हेच दाखवायचं.

१५ मार्च, रविवार
वास आहेच. तरी दोघींना टाकीसमोर बसवलं आणि मुद्दाम पंप बंद केले. थोड्या वेळाने साहेब वर आला, तोंड उघडमीट. मी विजयाने वळून पाहिलं.
बायकोने तोंडावर पदर धरला. लेक उठून टाकीजवळ आली. म्हणाली, "बाबा, तो बोलत नाहीये. त्याला श्वास घेता येत नाहीये."
यांना जिव्हाळा कळत नाही. लेकीने साहेबाला बादलीत घेतलं. मी बादलीला हात लावायला गेलो, तर तिने बादली दुसऱ्या हातात घेतली.

१७ मार्च
दुकानदाराला फोन करून झापलं. त्याने फक्त विचारलं, पंप चालू असतो ना? असल्या माणसांशी काय बोलणार. टाकी रिकामी केली. तळाची घाण खरवडताना दोनदा ओकारी आली.

२० मार्च, संध्याकाळ
दाढ दुखतेय म्हणून डेंटिस्टकडे गेलो. दुखत नव्हती. वेटिंग रूममध्ये मोठी टाकी, वरचं पाणी सारखं थरथरतंय, वास कसलाच नाही. साहेब मस्त गुबगुबीत झालाय. मजेत फिरत होता. मी काचेशी जाऊन बसलो. वर आला नाही. माझ्याकडे आलाच नाही. रिसेप्शनवरच्या बाईंना म्हटलं, जरा पाच मिनिटं पंप बंद करता का? त्या म्हणाल्या, डॉक्टरांची सक्त ताकीद आहे.
मग मीच काचेला तोंड लावलं. उघडलं, मिटलं. उघडलं, मिटलं. साहेब पाठ फिरवून दगडामागे गेला. बाई धावत आल्या, दंडाला धरून मला सगळ्यांच्या आधी आत नेलं. खुर्चीत बसलो. डेंटिस्टने विचारलं, कुठे दुखतंय?
नक्की सांगता येईना.