मापांचं स्थलांतर

ती. दादांस,

साष्टांग नमस्कार. तुमच्या बहिणीचा संगणक नव्या डब्यात सुरू झाला. दुरुस्तीवाल्याने आज सकाळी तसं जाहीर केलं आणि तुमच्या बहिणीने चष्मा लावून, पडद्याला नाक टेकवून त्याला दुजोरा दिला. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींना झोप लागते का? आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे उभे आहोत.

जुना डबा मागच्या आठवड्यात धूर सोडून गेला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (फोनवर तुम्ही ‘सुटला बिचारा’ म्हणालात, ते तिच्या अजून मनात आहे.) आतली डिस्क मात्र शाबूत निघाली. दुरुस्तीवाला म्हणाला, नव्या डब्यात सगळं कोरं टाकू. ती म्हणाली, “माझं आहे तसं उचलून ठेवा. काडी हलवायची नाही.” तिचंही चूक नाही. तुम्ही दहा वर्षांपूर्वी बसवून दिलेला शिवणकामाचा प्रोग्राम बनवणारा माणूस आता धंद्यातच नाही; पुसला की गेला. त्यात सव्वातीनशे गिऱ्हाइकांची मापं आहेत आणि प्रत्येकापुढे तिचे शेरे. (“कंबर वाढली. बोलायचं नाही, गुपचूप दोन इंच सोडायचे.”) शनिवारी बेचाळीस नर्सबाईंचे गणवेश द्यायचे आहेत, त्यांचीही मापं तिथेच. कापड टेबलावर पसरून आहे, त्यामुळे आम्ही चार दिवस उभ्याने जेवतो.

तर डिस्क नव्या डब्यात घातली. पडदा निळा झाला, बंद पडला, परत निळा झाला. तीन दिवस हेच. दुरुस्तीवाला म्हणाला, “काका, ह्याला वाटतंय हा अजून जुन्याच डब्यात आहे. नवे पार्ट ओळखतच नाही.” (निवृत्तीनंतर माझंही सहा महिने असंच चाललं होतं, म्हणून मी त्याला बोल लावला नाही.) शेवटी त्याने जुन्या पार्टांच्या आठवणी एकेक करून पुसल्या, नव्यांची ओळख करून दिली आणि आज सकाळी गाडी रुळावर आली. आली ती सगळ्या खोडींसकट. सहा वर्षांपूर्वी भंगारात गेलेला प्रिंटर हा अजून चालू होताना चार मिनिटं शोधतो. घर नवं, पण गादीबरोबर ढेकूणही आले. मी हे बोलून दाखवलं, तर ती खुशीत म्हणाली, “बघा, अगदी माझाच आहे!”

तेव्हा काळजी नसावी. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
मेहुणा

ता. क. – प्रोग्राम मात्र उघडत नाही. डबा बदलल्याचं त्याच्या लक्षात आलं आणि त्याने पासवर्ड मागितला. तो कुणालाच आठवेना, तेव्हा त्याने तुम्ही त्या वेळी भरून ठेवलेला प्रश्न विचारला: ‘घरात सर्वांत हट्टी कोण?’ पाच संधी. तिने क्षणाचाही विचार न करता माझं नाव घातलं. चूक. मग माझ्या आईचं. चूक. मग तुमचं. चूक. मग पुन्हा माझंच, स्पेलिंग बदलून. आता एकच संधी उरली आहे. ती हुकली तर कुलूप कायमचं. दादा, उत्तर मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. पण ते माझ्या हातून टाईप होणार नाही. बहीण तुमची आहे, तुम्ही सांगा.

आणखी एक – फोन करू नका, ती स्पीकरवर घेते. दुरुस्तीवाला तुमच्याच गल्लीत राहतो, म्हणून पत्र त्याच्या हाती देतो आहे. उत्तर त्याच्याकडेच द्या. उद्या दहाला तो येईल आणि पाकीट तीच फोडेल. त्या वेळी मी सुया आणायला बाजारात गेलेलो असेन.