ह्यांच्या बुलेटची चावी

मी अंबुजाबाई, कैलासवासी गुंडोराव यांची पत्नी, वय पुरं अठ्ठ्याहत्तर, राहणार गिंडी, चेन्नई, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा तसा दाखला मागं टाचला आहे. मला कोणी धमकावलेलं नाही, कोणी गोड बोलून बसवलेलंही नाही. उलट माझा मुलगा कार्तिकेय म्हणाला, "आई, एवढी कसली घाई?" घाई आनंदाची आहे. असा कागद आनंदात असतानाच लिहावा, नाहीतर वाचणाऱ्याला पानोपानी रडं सापडतं.

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही तमिळमध्ये. बाळबोध अक्षर तंजावरात वडिलांनी स्तोत्रं वाचण्यापुरतं शिकवलं. वरच्या मजल्यावरच्या रत्नप्रभाबाई पुण्याच्या आहेत, त्यांनी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं, बोलणं माझं माझ्याकडंच ठेवलं. तमिळ तर्जुमा वकील करतील. पण ह्यांच्याशी मी जन्मभर मराठीत भांडले, तेव्हा शेवटचा कागदही मराठीतच. ह्यांचं नाव वर कायद्यासाठी घेतलं. एरवी उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही, खालीही घेणार नाही.

कलम १. दोन वर्षांमागं केलेलं मृत्युपत्र आजपासून रद्द. त्यात लिहिलं होतं की माझ्या मागं शेडमधली बुलेट भंगारात द्यावी आणि मला कारण विचारू नये. मेलेल्या बाईला कारण विचारणार कोण, हे तेव्हा सुचलं नाही. आता न विचारता सांगते.

कलम २. राहतं घर कार्तिकेयला. तो इरुंगाट्टुकोट्टैला मोटारीचे भाग करणाऱ्या कारखान्यात मोठा साहेब आहे. पोस्टातली ठेव आणि माझ्या पाटल्या सून हरिप्रियाला. तिनं माझ्या सांबाराला कधी नाव ठेवलं नाही आणि स्वतःचं कधी मला शिकवलं नाही, दोन्हीबद्दल आभारी आहे.

कलम ३. घराला लागून असलेलं शेड, त्यातली सगळी हत्यारं आणि ह्यांची बुलेट, हे नात जननीला. कार्तिकेयला यात एक स्क्रूही नाही. का, ते आता ऐकावं.

आमच्या घरात चावी म्हटलं की तीन गोष्टी. कुलपाची चावी, पाण्याच्या नळाची चावी आणि बुलेटच्या टाकीखालची पेट्रोलची चावी. हे जुन्या मोटारसायकली दुरुस्त करायचे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर ही तिसरी चावी बंद करायची आणि कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू ढिला करून वाटीतलं पेट्रोल काढून टाकायचं, हा ह्यांचा नियम. राहिलं तर ते शिळं होतं, चिकट होतं आणि बारीक भोकं बुजतात. माझा भात शिळा झाला तरी चालायचा, पेट्रोल नाही.

सहा वर्षांमागं ऑगस्टात हे गाडी फिरवून आले, शेडमध्ये लावली आणि छाती धरून पायरीवर बसले. दुपारी दवाखान्यात मला जवळ बोलावून विचारलं, "अंबुजा, चावी बंद केलीस का?" मला वाटलं, स्वयंपाकघरातली. ती रोज ठिबकते आणि रोज त्यावरून बोलणी खायची मी. म्हटलं, "केली हो, घट्ट केली. निजा आता." ह्यांनी डोळे मिटले. ते मिटलेच.

तेराव्याला नणंद तुळजाबाई जेवता जेवता म्हणाली, "वहिनी, अण्णाच्या गाडीची चावी तरी बंद केलीस का? का सगळं पेट्रोल आत उतरवून बसलीस?" पंगतीत दहा माणसं. माझा घास तसाच राहिला. ह्यांनी तीच चावी विचारली असणार! यंत्राशिवाय दुसरं काय होतं ह्यांच्या मनात? आणि जाणाऱ्या माणसाला मी खोटं सांगितलं.

जाऊन बघायचं होतं, नाही का? धीर झाला नाही. गाडीवर जुनं नऊवारी टाकलं आणि कोणाला हात लावू दिला नाही. कार्तिकेयनं लांबूनच सांगितलं, "इंजिन जाम झालं असेल." कारखान्यात एवढे भाग करतो, पण वाकून बघणं त्याच्या हुद्द्यात बसत नाही. वर्षाचं सुतक सरल्यावर पाच आयुधपूजा झाल्या. दर पूजेला दोन्ही चाकांखाली एक एक लिंबू ठेवायची. शेजारपाजारची गाडी पुढं जाऊन लिंबू चिरडायची, आमची जागची हलायची नाही. संध्याकाळी लिंबं अख्खी उचलायची आणि बरणीत घालायची.

यंदा कार्तिकेय एका कापी म्हणजे कॉफीच्या हॉटेलवाल्याला हो म्हणून आला. त्याला बुलेट भिंतीवर टांगायची होती, शोभेला. मी म्हटलं, "ती काय पाल आहे रे, भिंतीला लावायला?"

तो म्हणाला, "आई, मेलेली गाडी आहे ती. निदान लोक बघतील तरी."

मेलेली म्हटल्यावर माझं तोंड बंद. मारली कोणी, ते मला ठाऊक होतं.

तोंड उघडलं जननीनं. ती सिरुसेरीला कॉम्प्युटरवर काम करते, पण लहानपणी शेडमध्ये आजोबांच्या मांडीवर बसून स्पॅनर मोजायची. म्हणाली, "अप्पा, पूजेपर्यंत थांबा. चालू झाली तर टांगायची नाही. कबूल?"

कार्तिकेय हसला. "कबूल. पूजेच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो येणार."

पोरीनं सुट्टी काढली. नऊवारी उचललं तेव्हा मी दारात पाठ करून उभी होते. कार्बोरेटरखाली काचेची बरणी धरून तळाचा स्क्रू सोडला, तसा वार्निशसारखा वास आला. "आज्जी, बघ तरी," म्हणाली. तळाला गुळाच्या काकवीसारखं काहीतरी उतरलं होतं, अर्धी वाटी. मी म्हटलं, "माझं पाप आहे ते, कण्णम्मा, पोरी माझे," आणि सहा वर्षांचं सगळं तिला सांगून टाकलं.

ती उठली, टाकीखाली वाकली आणि ओरडली, "अय्यो आज्जी! चावी बंदच आहे की!"

"कोणती?"

"हीच! आजोबांचीच! इतकी गच्च बसलीय की मला हलत नाहीये. सहा वर्षांत कोणी फिरवलेलीच नाही. वाटीत राहिलेलं तेवढंच शिळं झालंय."

मी वाकले. ह्या गुडघ्यांनी वाकले, ह्याची कार्तिकेयनं नोंद घ्यावी. चावी आडवी, बंद. ह्यांनी छाती धरण्याआधी स्वतः बंद केली होती. वाटी काढायचं मात्र त्यांच्यानं झालं नाही.

मग दवाखान्यात विचारली ती कोणती? जननी माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

माझीच विचारली होती ह्यांनी. नळाची. आणि ती मी खरंच घट्ट बंद करून गेले होते.

किती वेळ हसले, ठाऊक नाही. हरिप्रिया धावत आली, तिला वाटलं मला झटका आला.

पुढचं थोडक्यात. टाकीतलं जुनं पेट्रोलही काढलं. बारीक भोकात जननीनं तार घातली नाही. तारेनं भोक मोठं होतं, म्हणून हे ब्रशाचा एक केस घालायचे, तसाच तिनं घातला. गच्च बसलेली चावी तेल सोडून मोकळी केली, ताजं पेट्रोल भरलं. पूजेच्या सकाळी हळदकुंकू लावलं, लिंबं ठेवली आणि किक मारली. अकराव्या किकेला गाडी खोकली, चौदाव्याला बोलली. लिंबांचा पार चेंदा झाला. कार्तिकेयनं फोन काढून टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगितलं आणि डोळे पुसले. मी ते बघितलं, म्हणून घर त्याच्याच नावावर ठेवलं आहे.

कलम ४. जननीला अट एकच. लग्न होवो, परदेशी जावो, बुलेट उभी ठेवायची तर चावी बंद आणि वाटी रिकामी. तिला जमलं नाही तर गाडी चालवणाऱ्याला द्यावी, टांगणाऱ्याला नाही.

कलम ५. पाच वर्षांच्या न चिरडलेल्या दहा लिंबांचं लोणचं बरणीसकट तुळजाबाईला. चांगलं मुरलं आहे. जेवता जेवता तिनं माझी आठवण काढावी.

कलम ६. साक्षीदाराला काही ठेवू नये असं वकील म्हणतात. म्हणून रत्नप्रभाबाईंना आणि त्यांच्या यजमानांना कापी आत्ताच पाजली आहे.

कलम ७. स्वयंपाकघरातला नळ बदलू नये. आणि मी कधी दवाखान्यात पडले, जवळ बोलावून चावी बंद केली का असं विचारलं, तर कोणती म्हणून विचारू नका. हो म्हणा.

वरचं सगळं रत्नप्रभाबाईंनी मला वाचून दाखवलं, मधे दोनदा हसले, बाकी कबूल आहे. दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करते.

सही: अंबुजाबाई

साक्षीदार:
१. रत्नप्रभा (सही)
२. उपेंद्र, रत्नप्रभा यांचे यजमान (सही)

स्थळ: गिंडी, चेन्नई
तारीख: ५ ऑक्टोबर २०२५, रविवार