खांदा होता तसा रंगवावा

आज दिनांक ९ मार्च २०१९, दुपारचे सव्वातीन. इस्पितळातल्या खाटेवर, उशी मांडीवर घेऊन हे लिहीत आहे. उद्या सकाळी माझ्या छातीचं ऑपरेशन आहे. वय सव्वीस, डोकं ठिकाणावर, कोणाचा दबाव नाही. अक्षर माझंच आहे. एके ठिकाणी खाडाखोड झाली, तिथे सही केली आहे.

१. बँकेतली शिल्लक आणि खोलीतलं सामान थोरल्या ताईला मिळावं. कपाटाचं दार जरा उचलून उघडावं, ओढू नये.

२. माझा रंधा, पटाशी व काटकोन तपासायचा गुण्या चौकटींच्या कारखान्यातल्या जोडीदाराला द्यावा. मी सुट्टीच्या दिवशी चित्रकार बाईंसमोर उघडा बसतो हे कळल्यापासून तो रोज विचारतो, "काय हिरो, थंडी नाही ना वाजली?" मी ते विसरलेलो नाही. तरी हत्यारं त्यालाच, कारण तो ती गंजू देणार नाही.

३. बाईंनी मला देऊ केलेलं माझं चित्र ताईकडे जावं. बाई म्हणायच्या, "सैल बस." मला जमायचं नाही. मी अंग चोरून बसायचो, डावा खांदा कानाशी, हात छातीवर. लहानपणापासून दुखणं त्याच बाजूला. बाईंनी हुबेहूब तसंच रंगवलं. मला ते बघवेना. हट्ट धरून मी खांदा खाली घ्यायला लावला, हात मांडीवर ठेवायला लावला. ताईने पाहिलं नि म्हणाली, "हा कोण पैलवान? आमचा धाकटा कुठाय?" ती गेल्यावर बाई म्हणाल्या, "तू हो म्हणशील तेव्हाच पुन्हा ब्रश लावीन. अंग तुझं आहे." मी अजून हो म्हटलेलं नाही.

४. आज सकाळी डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी खाटेभोवती जमले. सदरा काढायला सांगितलं. मी तसाच आखडलो. सिस्टरने त्या खांद्यावर हात ठेवला, पण तो खाली दाबला नाही. म्हणाली, "राहू द्या तसंच. तपासता येतंय." मला श्वास घेता आला.
म्हणून बाईंना कळवावं, माझं हो आहे. खांदा पूर्वीइतका वर घ्यावा, हात छातीवर आणावा. चेहरा धीट करू नये.

५. मी वाचलो तर हे मृत्युपत्र रद्द समजावं. कलम चार मात्र रद्द समजू नये.

स्थळ: पुरुषांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट
लिहून देणार: (सही)
साक्षीदार, आमच्यासमोर सही केली:
शेजारच्या खाटेवरचे शिंपीकाका (सही)
दुपारपाळीची सिस्टर (सही)